पिशवीत भरलेल्या चपला

शेवटचं आपण दोघांनी मिळून काय केलं, तर पिशवी भरली.

दुपारची जेवणं आटपली होती. तू कपाट उघडलंस, लॉकरमधून स्नेहलचे कागद काढलेस आणि मला म्हणालीस, "वाचा एकेक." मी वाचत गेलो, तू भरत गेलीस. दहावीची मार्कशीट. शाळा सोडल्याचा दाखला. दोन्हींच्या झेरॉक्स. फोटो. रेशनकार्ड. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत. मग तू दाराशी गेलीस, तुझ्या निळ्या रबरी चपला उचलल्यास, वर्तमानपत्रात गुंडाळल्यास आणि त्याही आत टाकल्यास.

मी म्हटलं, "चपला कशाला?"

"असू देत."

"अगो, उद्या पोरीच्या ॲडमिशनला जायचंय. कागदांच्या डोक्यावर चपला ठेवतेस? पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायला लावणारी तू."

"म्हणून तर पेपरात गुंडाळल्या."

"पेपर म्हणजे कागदच ना!"

मी चपला काढल्या, तू परत भरल्यास. मी परत काढल्या. तेव्हा तू पिशवी माझ्या हातातून ओढून घेतलीस, चपला तळाला घातल्यास, वर कागद ठेवलेस आणि म्हणालीस, "जागा खातात का तुमची? उद्या बघू, कोण कुठल्या रांगेत उभं राहतं ते."

मी म्हटलं, "बघूच."

हे आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर एवढंच, की तू जरा पाठ टेकते म्हणालीस. "पाणी आलं की हाक मारा." पाणी आलं. नळ सूं सूं करायला लागला. मी हाक मारली, परत मारली, मग म्हटलं झोपू दे, आणि मीच ड्रमात पाइप सोडला. ड्रम भरला. वाहायला लागला. पाणी वाहून चाललंय आणि तू आतून ओरडत नाहीस, तेव्हा मी पाइप टाकून आत आलो.

अजून पाणी आलं की मी पहिलं तुझ्या जागेकडे बघतो. उगाच थोडं वाहू देतो.

बायका म्हणाल्या, भाग्याची गो, सवाष्ण गेली. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. तुला हे असंच हवं होतं, तू हळदीकुंकवाला जाऊन आलीस की बोलायचीस. मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो. तुझं भाग्य झालं, माझं काय झालं ते कुणी विचारलं नाही. डॉक्टर आला, त्याने कागदावर लिहायला तुझं नाव विचारलं. मी तोंड उघडलं आणि नाव बाहेर येईना. विसरलो नव्हतो. उभ्या जन्मात "अगो" सोडून दुसरी हाक मारली नाही ना कधी. शेवटी संजूने सांगितलं, आईचं नाव सुलोचना. कुणा परक्या बाईचं असावं तसं मला ते ऐकू आलं.

आता भांडणाचं. ते अर्धं राहिलंय आणि मी अर्धं काम ठेवत नाही, तुला माहीत आहे.

आपली नात स्नेहल पहिल्या फटक्यात दहावी पास झाली. तिच्या बापाला, संजूला, तीन खेपा लागल्या होत्या. तू सबंध मजल्यावर पेढे वाटलेस. आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय, अकरावीला काय घ्यायचं. सायन्सला मार्क पुरत नव्हते, ते बरंच झालं, एक भांडण वाचलं. संजू म्हणाला, कॉमर्स. त्याच्या ऑफिसात कॉमर्सवाले एसीत बसतात आणि हा पार्सलं घेऊन उन्हात फिरतो. मी म्हटलं, बरोबर आहे, कॉमर्स. सूनबाई म्हणाली, मला धुणं पडलंय, मला विचारू नका. आणि तू म्हणालीस, "बायला विचारलं काय कुणी?"

स्नेहलने खाली बघून सांगितलं, व्होकेशनल, इलेक्ट्रिकल. म्हणजे अकरावी-बारावीच, पण निम्मा दिवस वर्कशॉपमध्ये. वायरिंग, मोटार, पंखे.

मी ताटावरून उठलो होतो. आठवतंय? तू मागून म्हणालीस, "भात टाकून उठू नका, तो काय इलेक्ट्रिकलला चाललाय?"

भाईंदरच्या त्या कॉलेजात दोन्हीचे फॉर्म भरले. एक बापाच्या मनासारखा, एक तुझ्या. मग याद्या लागल्या त्या दिवशी आपण दोघं गेलो, कारण स्नेहलला ताप होता. तुझा गुडघा दुखत होता तरी आलीस. माझ्यावर सोडलं तर मी एकच यादी बघून येईन, ही भीती. भीती खरी होती.

पुढच्या बोर्डावर कॉमर्सची यादी. सगळं इंग्रजी. मी चौथी, तू दुसरी. पण आकडे येतात. मी फॉर्मचा नंबर मोठ्याने म्हणायचो आणि तू बोट खाली खाली नेत होतीस. मागची पोरं हसत होती. "आजी, आप का ॲडमिशन है क्या?" तू मागे न बघता म्हणालीस, "हां, तेरे साथ बैठेगी मैं. डबा लाना मेरा भी." मग ती पोरंच शोधायला लागली. नंबर सापडला, खालून जवळ, पण होता. मी म्हटलं, झालं, चल. तू म्हणालीस, "दुसरी?"

दुसरी यादी मागच्या पत्र्याच्या शेडच्या दाराला चिकटवली होती. तिथे नंबर वरतीच होता, बोट फार खाली न्यावं लागलं नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मी शेडच्या पत्र्याकडे बघितलं. पत्रा बरा होता, जोड मात्र कच्चे मारले होते.

तिथले सर दारात आले. तू विचारलंस, आत बघू का. ते म्हणाले, "आजी, रबरी तळव्याची चप्पल लागते आत." तू तिथल्या तिथे पाय वर करून दाखवलास. "ही चालंल?" सर म्हणाले, "पळेल." आणि तू आत गेलीस. मी गेलो नाही. मी बाहेर नळाजवळ उभा राहिलो तोंड फिरवून. तू बराच वेळ आत होतीस. आत काय बघितलंस ते मला सांगितलं नाहीस, कारण मी विचारलं नाही.

येताना रिक्षात आपण पेणकरपाड्यापर्यंत भांडत आलो. तुझं म्हणणं एकच, "तिला आवडतंय." माझं एकच, "पोरीचं काम नाही ते." तो रिक्षावाला भय्या मध्येच म्हणाला, "चाचीजी सही बोल रही हैं, चाचा." मी म्हटलं, तू गाडी चला. त्याला मराठी कळत होतं हे मला उशिरा कळलं, तोवर मी त्याला मराठीत बरंच काही बोलून बसलो होतो. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. तसं हसताना तुला मी शेवटचं त्या रिक्षात बघितलं.

तुला वाटलं असेल, म्हातारा जुन्या वळणाचा. नातीला हातात पक्कड नको, पोळपाट हवा. तसं नाही गो.

मी जन्मभर लोखंडी कपाटं केली. वेल्डिंगचे चटके, पत्र्याने कापलेली बोटं, ते सगळं तुला माहीत आहे, हळद तूच भरलीस. त्याचं मला काही वाटत नाही. काम आहे, लागतं. जे तुला माहीत नाही ते आता लिहितो. आमच्या कारखान्यात रंग मारायच्या आधी पत्रा घासायला एक बाई होती. कामाला पुरुषांना भारी. तिने घासलेल्या पत्र्यावर रंग आरशासारखा बसायचा. ती पाठमोरी झाली की तिच्याबद्दल जे बोलणं चालायचं, ते घरी येऊन मी तुला कधी सांगितलं नाही. आताही लिहवत नाही. ती बाई डबा कधी आत बसून खायची नाही. उंबऱ्यावर बसायची, तोंड रस्त्याकडे करून. सगळे आत पंख्याखाली, ही उंबऱ्यावर. मी मालकाला बोललो होतो. मालक म्हणाला, तुला काय पडलंय, तुझी कोण लागते. मग एक दिवस ती यायची बंद झाली आणि तिच्या जागी एक पोरगा आला. त्याला घासता यायचं नाही.

तू व्होकेशनल म्हणालीस की मला ती उंबऱ्यावरची बाई दिसायची, आणि तिच्या अंगात स्नेहलचा शाळेचा ड्रेस. हे तुला सांगायला तोंड उघडलं की बाहेर काय पडायचं, तर "पोरीचं काम नाही." दुसरे शब्दच येत नव्हते. मोठ्याने बोलून ते सांगता येईल असं वाटायचं, म्हणून मी मोठ्याने बोलायचो. तू म्हणायचीस, ओरडून काय खरं होतं का.

आणि वेड कुणी लावलं तिला? तूच. मुंबईची खोली विकून आपण इथं पेणकरपाड्यात आलो, ते बरोबर की चूक हे भांडण पण अर्धंच राहिलंय, त्याचं नंतर लिहीन. तर इथं आल्यावर तू भाईंदरच्या गाळ्यातून घरी काम आणायचीस. तीन पिनांचे प्लग. काळी टोपणं, पितळेच्या पिना, स्क्रू. जुनी चादर अंथरून ढीग ओतायचीस आणि बसायचीस पिळत. स्नेहल तेव्हा रांगत होती ती तुझ्या मांडीशी. मोठी झाली तशी पिना निवडायला लागली, बारीक इकडे, जाड तिकडे. एकदा तिने तुला विचारलं, "आजी, ही एकच जाडी का?" तुला काय माहीत असणार. तू म्हणालीस, "ती मुकादम. बाकीच्या दोघींवर लक्ष ठेवते."

पुढे सातवी-आठवीत होती तेव्हा शाळेतून धावत आली, दप्तर न काढता. "आजी, तुझं बरोबर होतं! ती अर्थिंगची पिन. काही चुकलं तर तीच सांभाळते." तू म्हणालीस, "मग? मी सांगितलं नव्हतं?" आणि आत जाऊन मला हळूच विचारलंस, अर्थिंग म्हणजे काय हो. मला तरी कुठं नीट सांगता येत होतं.

घरात तुझा एक कायदा होता. देव्हारा आहे, घरात चप्पल चालणार नाही. पाहुण्याला सुद्धा नाही. पण लाइटच्या बोर्डाला हात लावायचा असेल तर आधी पायात रबरी चप्पल, मग बोर्ड. तेवढ्यापुरती देवाला सूट. लोडशेडिंगच्या दिवसांत आपली ती इमर्जन्सी लाइट बंद पडली, तेव्हा स्नेहल मेणबत्ती लावून ती उघडून बसली. तू तुझ्या निळ्या चपला तिच्या पायाखाली सरकवल्यास. तिने म्हटलं, "आजी, ही बंद आहे, लाइट पण नाहीये, शॉक कुठून लागणार?" तू म्हणालीस, "लाइट सांगून येते काय?" आणि ती पोर हसत हसत चपला घालून बसली. लाइट लागली तिची. समोरच्या जिग्नाबेननी दार वाजवलं, "अरे, आप के यहां कैसे आ गई? हमारे यहां तो अंधेरा है." त्यानंतर त्या मजल्यावर काही बिघडलं की हाक यायची, "आंटी, स्नेहल है क्या? मेरा मिक्सर देख लेगी?" तू स्नेहलला उठवायच्या आधी चपला उचलायचीस.

हे सगळं मला दिसत होतं. मी आंधळा नव्हतो. फक्त मला तो उंबरा पण दिसत होता.

बरं. तू गेलीस त्या संध्याकाळी सगळं झालं. संजूने अग्नी दिला. आमच्याकडची रीत, दहाव्यापर्यंत घरातल्या पुरुषांनी अनवाणी राहायचं, तर मी आणि संजू तसेच चालत आलो. जिग्नाबेननी खिचडी-कढी आणून ठेवली होती. आपल्यात पहिला घास कडू असतो. मला त्यांची ती गोड कढी घशाखाली जास्त कडू लागली. रडल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "अंकल, सुबह तो मेरे साथ लाइन में धनिया लिया उन्होंने."

नालासोपाऱ्याहून माझा चुलतभाऊ तात्या आणि त्याची बायको आली होती. तिने तुझी चादर, उशी, दात घासायचा ब्रश सगळं गोळा केलं. मग दाराशी वाकून शोधायला लागली. "हिच्या चपला कुठं गेल्या? गेलेल्या माणसाच्या चपला दारात ठेवत नाहीत. सकाळी तर होत्या म्हणते सूनबाई." सगळ्यांनी शोधल्या. स्टुलाखाली, जिन्यात. कुणीतरी म्हणालं, गर्दीत कुणी चुकून घालून गेलं असेल. मी भिंतीला टेकून बसलो होतो. पिशवी माझ्या पाठीशी खुंटीवर होती. मी जागचा उठलो नाही.

ॲडमिशनचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशीच होता.

सकाळी मी तोंड धुऊन पिशवी खांद्याला लावली, तर तात्या म्हणाला, "कुठे?" सांगितलं. त्याला पटेना. "सुतकात नाव घालतात काय? शुभ काम ते. तेरावं होऊ दे."

"तेराव्यापर्यंत सीट थांबेल?"

"पुढच्या वर्षी घ्या. वहिनीला जाऊन एक रात्र नाही झाली. लोक काय म्हणतील?"

संजू डोकं भादरून कोपऱ्यात बसला होता. क्रियेला बसलेला, त्याला बाहेर पडता येत नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, जा तुम्ही. कॉमर्सला टाका आणि या." आणि मग स्नेहलच म्हणाली, "मला नाही जायचं." डोळे सुजून बारीक झाले होते. "मला काही नको. पुढच्या वर्षी बघू."

मला तुझ्यासारखं समजावता येत नाही. मी पिशवी तिच्यासमोर धरली. म्हटलं, "ही तुझ्या आजीने भरलेय. रिकामी करायची असेल तर तू कर. मी हात लावणार नाही."

ती उठली, केस बांधले आणि दार उघडलं.

कॉलेजात पुढे कॉमर्सची रांग गेटपर्यंत आलेली. मागे शेडकडे सात-आठ जण. मी मध्ये उभा. पाय भाजत होते. स्नेहल म्हणाली, "आजोबा, कुठे?"

"तू सांग."

"आजी म्हणायची..."

"आजीचं मला तोंडपाठ आहे. तू सांग."

तिने हनुवटीने मागे दाखवलं. बोट पण वर केलं नाही. मी म्हटलं, "ठीक. पण आधी मी आतून बघणार."

सर दारातच होते, तेच. त्यांनी माझं तोंड ओळखलं नाही, मी त्या दिवशी पाठ करूनच उभा होतो ना. त्यांनी माझे पाय बघितले. "काका, अनवाणी आत नाही येता येणार. लाइव्ह बोर्ड आहेत."

"सुतक आहे. आमच्यात चप्पल घालत नाहीत."

ते जरा नरम झाले. "मग बाहेरूनच बघा. मी सगळं सांगतो तुम्हाला."

"बाहेरून बघायचं असतं तर घरीच बसलो असतो."

मी दारातून हललो नाही. रांगेतली पोरं बघायला लागली. तेवढ्यात मागे कागदाचा चुरचुर आवाज आला. स्नेहलने पिशवीच्या तळातून गुंडाळी काढली होती. वर्तमानपत्र सोडवून तिने चपला माझ्या पायापुढे ठेवल्या, नीट, अंगठे पुढे करून, तू देवळाबाहेर ठेवायचीस तशा.

"ह्या घाला."

"बायकांच्या?"

"आजीच्या."

मी सुतकात चप्पल घातली. लिहून ठेवतो, तात्याला वाचू दे. टाच अर्धी बाहेर, पट्टा बोटांत रुतत होता, पण घातली. सर म्हणाले, "चालेल." मी आत गेलो.

जे तू बघितलंस ते मी बघितलं. लाकडी बोर्ड ओळीने, त्यावर बटणं, होल्डर, प्लग. तसेच तीन पिनांचे. खाली काळं रबर अंथरलेलं. कोपऱ्यात उघड्या पोटाची मोटार. भिंतीला पाट्या. मधोमध एक लांब टेबल आणि त्याच्या डोक्यावर एकच पंखा. बारावीतली एक मुलगी तिथे बसून फॉर्म लावत होती. सर सांगायला लागले, सिलॅबस, परीक्षा, पुढे डिप्लोमा. मला त्यातलं काही विचारायचं नव्हतं.

मी म्हटलं, "मुली डबा कुठे खातात?"

"काय?"

"डबा. दुपारचा. मुली कुठे बसून खातात?"

सरांना कळेना. त्या मुलीने मान वर केली. "इथेच की काका. ह्या टेबलावर."

"बाहेर नाही जात? उंबऱ्यावर वगैरे?"

"उंबऱ्यावर कशाला? पंखा इथे आहे." ती हसली. "आम्ही तिघी पंख्याखाली. मुलांना सांगितलंय, तुम्ही जा बाहेर नळाजवळ. जातात बिचारे."

ज्या नळाजवळ मी त्या दिवशी तोंड फिरवून उभा होतो, तोच नळ.

मग मी सरांना म्हटलं, आणि स्नेहल शेजारी उभी होती, तिलाही ऐकू जाईल असं म्हटलं, "मी कारखान्यात आयुष्य काढलंय. तिथे बाईमाणसाबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे. इथे कुणी तसलं बोललं, हिच्यासमोर किंवा हिच्या मागे, तर मी येईन. म्हातारा आहे, पण येईन. आणि बायो, तू घरी येऊन सांगायचं. गिळायचं नाही." सर म्हणाले, "काका, तुमच्या आधी मी बघेन." बरा माणूस वाटला. तेवढ्यावर माझी काळजी मिटली असं नाही. ती मिटणार नाही.

तुझ्यासमोर जे एवढे दिवस निघालं नाही ते तिथे एका झटक्यात निघालं, परक्या माणसासमोर, तुझ्या चपलांत उभं राहून. तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? मला वाटतं तू म्हणाली असतीस, "मग आत जाऊन बघून या ना, डबा कुठे खातात ते." एवढंच. आणि मी गेलो नसतो.

रांगेत उभे राहिलो. खिडकीवरच्या बाईने विचारलं, वडील? मी म्हटलं, क्रियेला बसलाय, मी आजोबा. कागद दिले, ओरिजनल आत गेले, फी भरली. पालकाची सही म्हणून तिने बोट ठेवलं तिथे मी सही केली. मराठीत, जोर देऊन, खालच्या कागदावर उमटेल अशी. स्नेहलने पावती कागदांच्या पिशवीत ठेवली आणि मग ती रडली. तिथे रडायला मी तिला अडवलं नाही.

शेडच्या दाराशी मी चपला काढल्या. पट्ट्याच्या जागी बोटांना वळ आले होते. तिने त्या परत त्याच पेपरात गुंडाळल्या.

आता हे वाचून तू जिंकलीस असं समजू नकोस. पोरीला उद्या त्रास झाला तर पहिलं मी तुझ्या फोटोशी येऊन भांडणार आहे. संजूशी घरी जाऊन काय झालं ते वेगळं लिहीत नाही, थोडं बोलला, मग म्हणाला, आईने भरलेली पिशवी होती, दुसरं काय होणार. रांगेत कोण कुठे उभं राहतं ते बघू म्हणाली होतीस. बघायला मात्र थांबली नाहीस.

घरी आलो तेव्हा बायका भांडी घासत होत्या. मी पेपर सोडवला आणि तुझ्या चपला दाराशी, स्टुलाच्या डाव्या अंगाला, त्यांच्या जागेवर ठेवल्या. तात्याच्या बायकोने बघितल्या.

"अगो बाई, ह्या कुठं होत्या? भावजी, ह्या टाकायच्या राहिल्या की." आणि तिने वाकून उचलल्या पण.

मी म्हटलं, "ठेव तिथेच. कॉलेज उघडलं की लागणार आहेत."